रंध्यावरच्या तीन तारखा

दोस्तांनो, आधी एक कोडं घालते. सोडवा पाहू!

तोंड आहे, पण गिळत नाही. पोलादाची जीभ आहे, पण बोलत नाही. दिवसभर लाकूड खातो आणि खाल्लेलं सगळं डोक्यावरून बाहेर टाकतो. आणि गंमत म्हणजे त्याच्या पोटात एक बेडूक बसलेला असतो. सांगा, कोण?

नाही आलं? अहो, सुताराचा रंधा! लाकूड गुळगुळीत करायचं ते हत्यार. तुमच्या घराचं दार, शाळेतलं बाक, देवघराचा पाट, आजीचा पलंग, या सगळ्यांवरून कधी ना कधी रंधा फिरलेला आहे. बेडकाचं काय ते पुढे सांगते.

'रंधा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तिथे 'रंदा' म्हणजे सुताराचा रंधा, आणि स्वयंपाकघरातली किसणीसुद्धा! आहे की नाही मजा? विचार केला तर पटतं. किसणी खोबरं किसते, रंधा लाकूड किसतो. फरक एवढाच, की किसणीला आपल्याला कीस हवा असतो, आणि रंध्याला मागे राहिलेलं लाकूड.

आज मी तुम्हाला एका रंध्याची गोष्ट सांगणार आहे. ती आमच्या मंडणगड तालुक्यात घडली. हा रंधा भंगारात जायला निघाला होता.

पोत्यातून बाहेर

गेल्या वर्षीचा श्रावण. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच असेल. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना वास आणि लोखंडाला गंज! अशाच एका सकाळी माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा छत्रीखाली काहीतरी धरून आला. पिशवीतून त्यानं एक जड, तांबूस-काळी वस्तू काढून टेबलावर ठेवली.

"बाई, हे काय आहे ते सांगा. आजीनं भंगाराच्या पोत्यात टाकलं होतं. मी काढून घेतलं."

तो लोखंडी रंधा होता. अंगभर गंज. पुढची मूठ नाही. मागच्या मुठीचं टोक तुटलेलं. पात्याला वरून दाबून धरणारी टोपीही नाही. पातं मात्र होतं, पण गंजानं जागच्या जागी चिकटलेलं.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. आजी म्हणाली, "मामंजींचा आहे तो. मुंबईला रेल्वेचे डबे बांधायच्या कारखान्यात होते ते. मी लग्न होऊन आले तेव्हा गावी आले की ह्याच रंध्यानं काम करायचे. आता घरात सुतारकाम कोण करतंय? दर खंडेनवमीला पुजायला काढते आणि परत ठेवते. मोडक्या हत्याराची पूजा तरी किती वर्षं करायची? यंदा देऊन टाकते."

मुलगा काही बोलला नाही. रंधा मात्र त्यानं मांडीवरून खाली ठेवला नाही.

मी म्हटलं, "आजी, खंडेनवमीपर्यंत थांबता का? तोवर हा चालता झाला तर ठेवा, नाही झाला तर द्या."

आजी हसली. "बघा बाई. तुमची हौस."

आता खरं सांगू? मला रंध्यातलं काहीच कळत नव्हतं! डी.एड.ला आम्हाला कार्यानुभव होता, पण त्यात कागदकाम आणि मातीकाम. रंधा मी लांबूनच पाहिलेला. शब्द तर देऊन बसले. मग काय, शिकणं आलं.

पोटातला बेडूक

गावात सत्तरी ओलांडलेले एक सुतारकाका आहेत. आता हात थरथरतात म्हणून ते काम करत नाहीत. आम्ही दोघं रंधा घेऊन त्यांच्या पडवीत गेलो. काकांनी तो हातात घेतला, उलटा केला, एक डोळा मिटून तळ पाहिला आणि म्हणाले, "हा साधा नाय. सरळ हाय अजून."

मग त्यांनी आम्हाला रंध्याची ओळख करून दिली. तुम्हीही करून घ्या.

खालचा सपाट भाग म्हणजे तळ. तळाला मधोमध आडवी फट असते, ते तोंड. त्या तोंडातून पात्याची धार केसभर बाहेर डोकावते. लाकडी रंध्यात पातं पाचर ठोकून बसवतात. पातं थोडं पुढे-मागे करायचं तर हातोडीनं टकटक करायची. कानाला सवय लागली, की आवाजावरून कळतं पातं घट्ट बसलं की नाही.

लोखंडी रंध्यात पाचर नसते. तिथे पातं एका उतरत्या बैठकीवर बसतं. ही बैठक ४५ अंशांच्या कोनात असते. इंग्रजीत या बैठकीला चक्क 'फ्रॉग' म्हणतात. फ्रॉग म्हणजे बेडूक! तोच आपल्या कोड्यातला बेडूक बरं का. पात्याच्या पाठीला स्क्रूनं एक वाकडी पट्टी जोडलेली असते. निघालेला कीस ती लगेच वाकवते, म्हणून लाकूड उचकटत नाही. या सगळ्यावर एक टोपी बसते. तिची कळ दाबली, की सगळं घट्ट. ही टोपी म्हणजे 'लिव्हर कॅप'. आमच्या रंध्याची हीच हरवली होती. पात्यामागे एक पितळी चाक असतं. ते फिरवलं की पातं पुढे-मागे सरकतं. हातोडीची गरज नाही.

हे चाक ज्यानं रंध्याला बसवलं, तो अमेरिकेतला लेनर्ड बेली. १८६९ मध्ये स्टॅन्ले नावाच्या कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला आणि त्याच्या पद्धतीचे लाखो रंधे जगभर पोचले. आज आपल्याकडे मिळणाऱ्या लोखंडी रंध्यांची रचनासुद्धा बेलीच्याच धर्तीची असते.

हा रंधा किती सालचा?

काकांनी रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्यानं रंध्याचं अंग पुसलं. गंजाखालून अक्षरं वर आली! एका ठिकाणी 'बेली', एका ठिकाणी ५ हा आकडा. आणि बेडकाच्या मागे बारीक अक्षरांत तीन तारखा. मुलानं एकेक अक्षर लावून वाचल्या:

मार्च २५-०२
ऑगस्ट १९-०२
एप्रिल १९-१०

"बाई, हा २००२ सालचा आहे!" तो ओरडला.

दोस्तांनो, तुम्हाला पटतं? जरा थांबून विचार करा. आजी लग्न होऊन आली तेव्हा तिचे सासरे हाच रंधा वापरत होते. आजीचा मुलगा, म्हणजे या मुलाचा बाबा, चाळिशीचा. मग रंधा २००२ चा कसा असेल?

बरोबर! ०२ म्हणजे १९०२, आणि १० म्हणजे १९१०. वस्तूवर कोरलेली तारीख आणि माणसाच्या तोंडची आठवण, दोन्ही शेजारी ठेवल्या तेव्हा उत्तर सापडलं. इतिहासकार हेच करतात.

पण अजून एक मेख आहे. या तारखा रंधा बनवल्याच्या नव्हेत. त्या पेटंटच्या आहेत. पेटंट म्हणजे नवी युक्ती शोधणाऱ्याला सरकारनं दिलेला हक्क. म्हणजे १९१० ची तारीख आपल्याला एवढंच सांगते, की रंधा त्यापूर्वीचा नाही. त्यानंतर कधी बनला, हे एकट्या तारखेवरून कळत नाही. त्यासाठी बाकीच्या खुणा पाहाव्या लागतात: मुठीचा आकार, टोपीचं भोक, अक्षरांची ठेवण. या कंपनीची जुनी सूचीपत्रं चित्रांसह उपलब्ध आहेत. ती शोधून मी एकेक खूण ताडून पाहिली.

आणि तो ५ चा आकडा? तो रंध्याचा नंबर. चार नंबरचा रंधा साधारण साडेनऊ इंच लांब, पाच नंबरचा १४ इंच, सात नंबरचा २२ आणि आठ नंबरचा २४ इंच. इतके लांब रंधे कशाला? सोपं आहे. छोटं खेळण्यातलं मोटारीचं चाक रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात उतरतं. पण खड्ड्यावर लांब फळी टाकली तर ती खड्ड्यात न उतरता आडवीच राहते. लांब रंधाही तसाच. तो लाकडाच्या खळग्यात उतरत नाही, उंचवटे कापत जातो आणि फळी सरळ करतो. छोटा रंधा शेवटचा गुळगुळीतपणा आणतो.

नंबर लिहिण्याच्या पद्धतीवरूनही कंपनी ओळखता येते. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या 'रेकॉर्ड' रंध्यांवर आकड्यापूर्वी शून्य असतं: ०४, ०५. आमच्यावर नुसता ५. एक शून्य कमी, पण केवढी माहिती!

कोकमाचं पाणी

आता गंज. गंज म्हणजे काय? लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की गंज तयार होतो. गंज मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून गंजलेला स्क्रू आपल्याच भोकात फुगून बसतो आणि हलत नाही. अशा वेळी जोर केला तर स्क्रूचं डोकं तुटतं. काकांनी पातळ तेलाचे थेंब सोडले आणि म्हणाले, "आज रातभर तेलाला काम करू दे. आपण झोपू."

तिसऱ्या दिवशी स्क्रू फिरला.

शाळेत आम्ही एक प्रयोग केला. तीन गंजलेले खिळे घेतले. एक साध्या पाण्यात, एक चिंचेच्या कोळात, एक कोकमाच्या दाट पाण्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी काढून जुन्या दातांच्या ब्रशनं घासले. साध्या पाण्यातला होता तसाच. बाकी दोघांचा गंज सुटू लागलेला. कारण चिंच आणि कोकम आंबट, म्हणजे त्यांत आम्ल असतं. आम्ल गंजाला विरघळवतं. तुमची आई पितळेची भांडी चिंचेनं घासते ना, त्यातही आम्लाचीच करामत!

पण सावध! आम्ल आधी गंज खातं आणि मग लोखंडही खायला लागतं. म्हणून वस्तू त्यात विसरून चालत नाही. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायची, लगेच कोरडी करायची आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा. रंध्याचे सुटे स्क्रू आणि पट्टी आम्ही अशीच स्वच्छ केली. मुख्य अंगाला मात्र आंबट पाणी लावलं नाही. त्यावर कारखान्यातला मूळचा काळा रंग अजून शिल्लक होता. तो गेला असता तर परत आला नसता.

माझी चूक

आता मी केलेली चूक सांगते. लपवण्यात काय अर्थ?

रंध्याची पुढची मूठ एका लांब स्क्रूनं अंगाला जोडलेली असते. तो स्क्रूही सापडत नव्हता. मी बाजारात जाऊन भोकाच्या मापाचा दिसला म्हणून सहा मिलिमीटरचा बोल्ट आणला. घरी बसवायला घेतला. दोन आटे गेला आणि अडकला. मी पाना लावून जोर करणार, इतक्यात मुलगा म्हणाला, "बाई, आधी काकांना विचारू या?"

काकांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, जोर लावू नका. बीड हाय ते!"

बीड म्हणजे ओतीव लोखंड. बिडाचा तवा आपटला तर काय होतं? वाकत नाही, फुटतो! रंध्याचं अंगही बिडाचं. मी जोर केला असता तर शंभर वर्षं टिकलेला रंधा माझ्या हातून तडकला असता.

चूक कुठे झाली, ते मग हिशोब केल्यावर कळलं. जुन्या स्टॅन्ले रंध्यांच्या मुठीच्या स्क्रूला एका इंचात २० आटे असतात. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. २५.४ भागिले २० किती? १.२७. म्हणजे दर फेऱ्याला स्क्रू १.२७ मिलिमीटर आत जातो. माझा नवा बोल्ट दर फेऱ्याला १ मिलिमीटर जाणारा. शिवाय जुना स्क्रू साडेपाच मिलिमीटर जाडीचा आणि माझा सहाचा. दिसायला सारखे, पण आट्यांचं गणित जुळत नाही. त्यातून हे जुने आटे कंपनीनं आपल्या सोयीनं ठरवलेले. दुकानात आज तसा बोल्ट सहसा मिळत नाही.

बोल्ट हळूच उलटा फिरवून काढला. पहिला आटा थोडा खरवडला गेला होता. ती खूण अजून आहे. रंधा पाहिला की माझं लक्ष आधी तिकडेच जातं.

मग मूळचा स्क्रू आणायचा कुठून? मुलानं घरी जाऊन पणजोबांची पेटी पुन्हा उपसली. तळाशी एक पत्र्याचा तंबाखूचा डबा होता. त्यात खिळे, वायसर, कुलपाची एक किल्ली आणि डोक्यावर पितळी नट असलेला एक लांब स्क्रू! पणजोबांनी मूठ तुटल्यावर स्क्रू फेकला नव्हता. डब्यात जपून ठेवला होता. आम्ही बसवून पाहिला. बोटांनीच फिरवला आणि लोण्यात सुरी जावी तसा आत गेला.

म्हणून लक्षात ठेवा: हरवलेला भाग जगभर शोधण्याआधी घरातला डबा उघडून पाहावा.

मुंबईचा काका आणि पुठ्ठ्याचा तुकडा

आता राहिली टोपी. गणपतीला सगळे चाकरमानी गावी येतात. मुलाचा काकाही येणार होता. मी त्याला फोनवर सांगितलं, "येताना जुन्या बाजारातून रंध्याची लिव्हर कॅप बघा." मुंबईत जुन्या हत्यारांसाठी चोरबाजार, नव्या हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. अशा ठिकाणी नशिबानं सुटे भाग सापडतात.

काकानं खरोखरच टोपी आणली. आम्ही सगळे गोळा झालो. बसवली, तर डावी-उजवीकडे खुळखुळायला लागली. आमचं पातं दोन इंच रुंद आणि ही टोपी पावणेदोन इंचांची. तीन नंबरच्या रंध्याची होती ती! मीच माप सांगितलं नव्हतं. पाव इंचासाठी फेरी फुकट.

या वेळी आम्ही शहाणे झालो. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पात्याची रुंदी बरोबर कापली. बेडकातल्या स्क्रूचं डोकं जेवढं जाड, तेवढं भोक त्याला पाडलं. त्यावर लिहिलं: 'नंबर ५. नंबर ४ ची टोपीही चालेल.' कारण चार आणि पाच नंबरच्या रंध्यांची लांबी वेगळी असली तरी पातं दोघांचंही दोन इंचांचं असतं. काका तो पुठ्ठा खिशात घालून मुंबईला गेला. पंधरा दिवसांनी एस.टी.नं पुडकं आलं.

टोपी चपखल बसली! पण मी भिंग घेऊन पाहिलं आणि जरा खट्टू झाले. जुन्या टोप्यांचं भोक कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखं असतं. १९३३ च्या सुमारास कंपनीनं ते बदलून काजूगराच्या आकाराचं केलं. आमच्या टोपीचं भोक काजूगरासारखं होतं. म्हणजे रंधा एका काळातला, टोपी बऱ्याच नंतरची.

मग ही टोपी बरोबर की चूक? वर्गात वाद झाला. अर्धी मुलं म्हणाली बरोबर, कारण बसते आणि काम करते. अर्धी म्हणाली चूक, कारण ती त्या रंध्याची नव्हे. तुम्हाला काय वाटतं?

मी मुलांना त्रिंकोमाली जहाजाबद्दल सांगितलं. हे जहाज मुंबईत वाडिया घराण्यातल्या जमशेदजी बोमनजी यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडलं. किती सुतारांनी, किती रंध्यांनी ते घडवलं असेल! ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर उभं आहे. १९९० पासून २००१ पर्यंत त्याची दुरुस्ती चालली होती. कुजलेल्या ठिकाणी नवं लाकूड घातल्याशिवाय इतकं जुनं जहाज कसं वाचणार? जुन्या वस्तू जपणाऱ्यांचा एक नियम असतो. जुनं जेवढं राखता येईल तेवढं राखायचं. नवं घालावंच लागलं तर असं घालायचं, की पुढे काढता येईल. आणि काय बदललं ते लिहून ठेवायचं. खोटं जुनं म्हणून खपवायचं नाही.

आम्ही तेच केलं. एका कार्डावर लिहिलं: 'टोपी मूळची नाही. १९३३ नंतरच्या नमुन्याची. मुंबईहून आणली.' त्याखाली आणखी एक ओळ: 'मुठीच्या भोकाचा पहिला आटा बाईंनी खराब केला.' ही ओळ मुलांनीच लिहिली. मीही खोडली नाही!

शिसवाची मूठ

पुढची मूठ काकांनी करायला घेतली. त्या काळच्या मुठी बुटक्या, अळंबीसारख्या असायच्या. मूळ मूठ ब्राझीलच्या रोजवूडची. ते इथे कुठून आणणार? काकांनी माळ्यावरून मोडक्या पलंगाच्या शिसवी पायाचा तुकडा काढला. दोस्तांनो, वनस्पतिशास्त्र सांगतं, की ब्राझीलचं ते रोजवूड आणि आपला शिसव एकाच 'डालबर्जिया' कुळीतले! हजारो मैलांवरचे भाऊच म्हणा ना.

काकांचे हात थरथरत होते. म्हणून ते सांगत गेले आणि मुलगा कानस चालवत गेला. "पुढं ढकलताना दाब. मागं आणताना उचल. घासू नको, कापू दे तिला." एक मूठ करायला आठ संध्याकाळी लागल्या.

पात्याची धार मात्र काकांनी स्वतः लावली. मुलांनो, पात्याला तुम्ही हात लावायचा नाही, ते मोठ्यांचं काम. ती धार काढायचीही रीत आहे. झटपट व्हावी म्हणून फिरत्या चाकावर पातं धरलं तर ते तापतं. निळं पडलं की समजावं, पोलादाचा कडकपणा गेला. म्हणून काकांनी ते दगडावर तेल सोडून हातानंच घासलं. अशा दगडात कुरुंद वापरतात. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दही दक्षिण भारतातल्या 'कुरुंदम'वरूनच गेलेला आहे बरं का!

खूप जुनी मंडळी

रंधा किती जुना असेल, माहीत आहे? इटलीतलं पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या उत्खननात रंधे सापडले आहेत. त्यांनाही तळ, तोंड, पातं! इंग्लंडचं मेरी रोझ हे युद्धनौकेचं जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये त्याचा सांगाडा समुद्रातून वर काढला. त्यावरच्या सुतारांच्या सामानातही रंधे होते. दोन हजार वर्षं माणसाला यापेक्षा वेगळी रचना फारशी सुचलेली नाही. जपानी सुतार मात्र रंधा ढकलत नाहीत, आपल्याकडे ओढतात.

आपल्याकडे सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, मोट, गाडी, दार सगळं त्याच्या हातचं. वर्षभर काम करायचं आणि सुगीला धान्य घ्यायचं. आज प्लायवूड आणि विजेवरचे रंधे आले. कामं लवकर होतात, त्यात वाईट काही नाही. पण काका त्या दिवशी म्हणाले ते माझ्या मनातून जात नाही: "हत्यार गंजलं तर घासून निघतं. पण मला जे ठावं हाय, ते कोणी विचारलंच नाय तर माझ्यासंगं जायचं."

खंडेनवमी

खंडेनवमीच्या सकाळी आम्ही आजीच्या पडवीत जमलो. फणसाची एक फळी ठोकळ्याला अडकवली. काकांनी फळीवरून बोट फिरवून रेषा कुठल्या बाजूला जातात ते दाखवलं. मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवला तर केस उभे राहतात ना? लाकडाचंही तसंच. उलट रंधलं तर ते उचकटतं.

मुलानं रंधा ठेवला. पहिल्या वेळी तो नुसताच घसरला. काकांनी पितळी चाक पाव फेरा फिरवलं. दुसऱ्या वेळी 'सर्रर्र' असा आवाज आला आणि तोंडातून पिवळाधमक कीस गुंडाळत वर आला. कांद्याच्या सालीसारखा पातळ!

आजी आतून बाहेर आली. तिच्या हातात झेंडूची फुलं होती. ती दारातच थांबली. म्हणाली, "हा आवाज... मामंजी काम करायचे ना, तेव्हा स्वयंपाकघरात यायचा."

मग तिनं तो कीस उचलून हुंगला, रंध्याला हळद-कुंकू वाहिलं आणि नातवाला म्हणाली, "पूजा झाली की आत नेऊन ठेव. पोत्यात नको हो."

आता तुमची पाळी

तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल. रंधाच हवा असं नाही. अडकित्ता असेल, कंदील, शिलाई मशीन, तराजू, जुनं कुलूप. मग करा सुरुवात:

१. आधी वस्तू नीट बघा. अक्षरं, आकडे, तारखा वहीत उतरवा. घासण्यापूर्वी चित्र किंवा फोटो काढा.

२. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारा: ही कोणी वापरली, कशासाठी? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा.

३. हे काम करणारा कारागीर गावात असेल, तर त्याला भेटा. तो सांगेल ते आधी ऐका, मग हात लावा.

४. सुटा भाग शोधायचा तर माप घेऊन जा. पुठ्ठ्याचा तुकडा हजार शब्दांचं काम करतो.

५. स्क्रू जात नसेल तर जोर करू नका. थांबा आणि का जात नाही ते शोधा.

६. काय बदललं, ते कार्डावर लिहून ठेवा. चूक झाली असेल तर तीसुद्धा.

पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत पोतं बांधण्यापूर्वी एकदा मुलांना त्यात डोकावू द्या.

आणि हो, आमचा तो विद्यार्थी आता पाचवीत आहे. दर शनिवारी दुपारी तो सुतारकाकांच्या पडवीत असतो. सध्या ते दोघं मागच्या मुठीचं तुटलेलं टोक जोडतायत. मी विचारलं, "किती दिवस लागतील रे?"

तो म्हणाला, "बाई, घाई नको. बीड आहे ते!"